घरची चाल

"चोर तो चोरच," शैलाबाई म्हणाल्या आणि कढईत कोथिंबिरीची सांभारवडी सोडली. "मग तो अमरावतीचा असो का कोरियाचा."

जर्सी सिटीतल्या त्या सतराव्या मजल्यावर तळणीचा वास भरून राहिला होता. नातीनं, अनिकानं, स्मोक अलार्मला आधीच शॉवर कॅप घालून ठेवली होती. आजीचं तळण आणि फायर ब्रिगेड यांची एकदा गाठ पडली होती, तेवढी पुरे होती.

टेबलाशी वकीलबाई बसल्या होत्या. नीना नाव. आईबाप नागपूरचे, जन्म इथला. मराठी बोलायची ती दगडांवरून ओढा ओलांडावा तशी, एकेक शब्द चाचपत.

"आजी, चोर नका म्हणू. लेटरमध्ये प्रॉब्लेम होईल."

"लेटरमध्ये कुठं म्हणते? मी तं वडीला सांगून राहिली."

भानगड अशी होती. अनिका गाणी बांधायची. दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला पाच-सहा जणांत बसून तिनं एका गाण्याला आजीकडून ऐकलेल्या पाळण्याची चाल दिली. ते गाणं हान बोरिम नावाच्या कोरियन गायिकेच्या अल्बममध्ये गेलं. अल्बम असा गाजला, की खाली लाँड्रीत कपडे घडी करणारी माणसंसुद्धा तीच ओळ गुणगुणायची. गाण्याखाली पाच नावं छापली. पाळण्याचं नाव कुठंच नाही. विचारलं तर अल्बमची कंपनी म्हणाली, ते लोकगीत. लोकगीताला मालक नसतो.

ते 'मालक नसतो' शैलाबाईंना असं झोंबलं, की चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण जिभेला कुणी पास-नापास करायला धजलं नव्हतं.

मग विक्रमनं, त्यांच्या मुलानं, पत्र्याच्या डब्यातून कॅसेट शोधून काढली. त्याच्याच बारशाची. पोलीस लाइनीतल्या बाया पाळणा म्हणताहेत, आणि मधेच एक जण विचारते, "शैले, चाल कुठली वं ही? आम्ही तं कधी ऐकली नाही." त्यावर तरण्या शैलाबाईंचं ठसक्यातलं उत्तर, "आमच्या घरची आहे."

कॅसेट ऐकून कंपनी नरमली. चाल कुणी बांधली ते शपथेवर लिहून द्या, म्हणाली, पुढच्या छपाईत नाव टाकतो. त्यासाठीच आज नीना आली होती.

"थोडी बॅकग्राउंड लिहिते," नीनानं लॅपटॉप उघडला. "आजोबा काय करायचे?"

"हवालदार," विक्रम म्हणाला. "मिशा अशा, की बाबा फाटकाशी आले तरी लाइनीतली पोरं खेळ टाकून पळायची. मला त्यांनी कडेवर घेतल्याचं कुणी बघितलं नसेल."

"चारचौघांत पोर घेतलं असतं तं लाइन हसली असती," शैलाबाई म्हणाल्या. "हवालदाराला लोक हसले तं त्यानं काय करावं?"

"मग बेबी रडलं की?"

"दार लावायचं, खिडकी लावायची. पाच मिनिटांत पोरगं गप. शेजारणी म्हणत, शैलीच्या गळ्यात जादू आहे."

"आणि होती?"

"म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरते?" शैलाबाईंनी वड्या ताटलीत काढल्या. "खाऊन घे. थंड झाली की चामडं होते."

अनिका हसली. "जादू कसली! माझ्या केसांना तेल लावताना आजी पाळणा म्हणायची ना, थर्ड लाइनला दर वेळी सुरातून ऑफ जायची. मीच ती सरळ केली."

एरवी भाजीत मीठ कमी म्हटलं तरी दोन दिवस अबोला धरणाऱ्या शैलाबाई या वेळी नुसत्या गालात हसल्या. "तू सरळ केली तेच बरोबर होतं," एवढंच म्हणाल्या.

नीना फॉर्म वाचत होती. "हजबंड, प्रल्हाद वानखडे. नऊ वर्षांपूर्वी गेले. करेक्ट? आजी, तुम्ही एकदा मोठ्यानं नाव सांगा."

"मी नाव घेत नसते. लग्नात नि बारशात, उखाण्यात, तेवढंच."

"आई, अजून?" विक्रम म्हणाला. "नऊ वर्षं झाली."

"माणूस गेला म्हणून काय नाव स्वस्त झालं?"

खिडकीखालून मॅनहॅटनची गाडी खडखडत गेली. शैलाबाईंनी नीनाच्या ताटलीत आणखी एक वडी टाकली.

"लास्ट क्वेश्चन," नीना सावरून बसली. "ही शपथ आहे आजी. यात खोटं चालत नाही. चाल कोणी कंपोज केली?"

"मी टाइप करून टाकलं पण," अनिकानं लॅपटॉप आजीकडे फिरवला. चौकटीत इंग्रजीत नाव होतं. "बघ, शैला वानखडे. जगभर जाणार तुझं नाव."

शैलाबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले. चष्मा नीट करून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव त्या ओळखायला शिकल्या होत्या. देखणं दिसत होतं.

"पूस ते," त्या म्हणाल्या.

"आजी! व्हाय?"

"पूस म्हटलं ना." त्यांनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि हळद-कुंकवाला बसावं तशा खुर्चीत ताठ बसल्या.

"उखाणा?" अनिका खिदळली. "इथं काय लग्न आहे?"

"गाण्याचं बारसं आहे," शैलाबाई म्हणाल्या. "लिही गं वकीलबाई:

कोरियाची पोर गाते, जग धरतं ताल,
दार लावून प्रल्हादरावांनी बांधली होती चाल."