द्वारकाबाईंच्या गालांवरचे व्रण

शाळेच्या संस्थापिका द्वारकाबाईंचा मातीतला पुतळा बघून अध्यक्षांनी नाक मुरडलं. "ब्रॉन्झमध्ये ओतण्याआधी गालांवरचे हे देवीचे व्रण बुजवा. पुतळा देखणा हवा!"

"बाईंनी ते उभ्या जन्मात पदराआड लपवले नाहीत," त्यांची विद्यार्थिनी असलेली शिल्पकार इंदुमती म्हणाली. "मीही बुजवणार नाही."

"मग काम दुसऱ्याला देऊ."

"खुशाल द्या."

वर्षभराची मेहनत होती. तरी ती मागे सरली नाही.

अध्यक्षांसोबत द्वारकाबाईंची धाकटी बहीण आली होती. दृष्टी गेलेली ती म्हातारी पुढे झाली आणि पुतळ्याच्या गालांवरून बोटं फिरवू लागली.

"अक्का, आलीस होय!" ती म्हणाली. तिचे हात तिथून निघेनात.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "ओतायला कधी पाठवता?"

"उद्याच. जसाच्या तसा."