चौदा जणांची हजेरी

“कुलूप उघड, लाम्ब्रिनी.”

“नाही उघडणार, बाई.”

मुख्याध्यापिका एवान्थिया बाईंनी फाटकाचे गज धरून तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं. आतल्या बाजूला सतरा वर्षांची लाम्ब्रिनी गळ्यात किल्ली अडकवून उभी होती. तिच्या मागे वर्गातली मुलं माना खाली घालून हसू दाबत होती.

स्टेर्यिओस हे सगळं बाईंच्या शेजारी बर्फात उभा राहून पाहत होता. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात तो नुकताच बदलून आला होता. कार्यालयाचं पत्र महिन्यापूर्वीच गावात पोचलं होतं. शेवटच्या वर्षाचा वर्ग चालू ठेवायचा, तर तपासणीच्या दिवशी पटावरची चौदाही मुलं हजर हवीत. एक जरी कमी भरलं तर वर्ग बंद आणि मुलांनी खाली शहरात जायचं. शहरात खोली घेऊन राहणं वरच्या वाडीतल्या तिघांना झेपणारं नव्हतं, म्हणजे त्यांची शाळा सुटलीच असती. त्यावर मुलांनी सोमवारी शाळेचा ताबा घेतला, फाटकाला साखळी घातली आणि आतच मुक्काम ठोकला. आज शुक्रवार, तपासणीचा दिवस होता.

“पोरगी भलतीच आगाऊ दिसते,” स्टेर्यिओस म्हणाला. “घरी काही वळण आहे की नाही?”

“घरच्या वळणाचाच परिणाम आहे हा, साहेब,” बाईंनी सुस्कारा सोडला.

“मग आईला बोलवा हिच्या.”

“काही उपयोग नाही. ती मुलीचीच बाजू घेईल.”

“फोन तरी लावा.”

“आत्ता नाही उचलणार. या वेळी कामावर असते ती.”

स्टेर्यिओसचं डोकंच फिरलं. मुलगी चार दिवस शाळेच्या बाकांवर झोपते आणि आई खुशाल कामावर जाते. या बाईला समोर बसवून चार शब्द सुनावल्याशिवाय परत जायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तेवढ्यात गजांमधून एक बशी बाहेर आली. बशीत पाकातलं अंजीर होतं आणि मागोमाग पाण्याचा पेला.

“कधीचे थंडीत उभे आहात. घ्या,” लाम्ब्रिनी म्हणाली. “दारात आलेल्या माणसाला तसंच परत पाठवलं तर आई माझी खरडपट्टी काढेल.”

“आणि दाराबाहेर उभं ठेवलेलं चालतं तुझ्या आईला?”

“वर्गाला शब्द दिला असेल तर चालतं. दिलेला शब्द मध्येच सोडायचा नाही, हेही तिनेच शिकवलंय.”

बाई दुसरीकडेच पाहत होत्या. शरमल्या असतील बिचाऱ्या, असं त्याला वाटलं.

अंजीर चांगलं होतं. त्याचा आवाज जरा खाली आला. “हे बघ मुली, मला फक्त हजेरी घ्यायची आहे.”

“मग घ्या की इथूनच. आम्ही कुठे नाही म्हणतोय?”

तो नावं वाचू लागला. एकेक जण फाटकाशी येऊन “हजर” म्हणू लागला. मोडतोडीचा अहवाल लिहिण्याच्या तयारीने आलेल्या स्टेर्यिओसला आत एक फुटकी काचही दिसेना. अंगण झाडलेलं होतं, बर्फ कडेला ओढलेला होता, आणि खिडकीतून दिसणाऱ्या फळ्यावर आजची तारीख घालून गणितं सोडवलेली होती.

अकरा नावं झाली. उरले वरच्या वाडीतले तिघे, आणि ते असणं शक्यच नव्हतं. वरचा रस्ता बुधवारपासून बर्फाने बंद होता. खरं सांगायचं तर कार्यालयाने तपासणी या दिवसांत ठेवली होती ती याच भरवशावर, आणि ही गोष्ट स्टेर्यिओसला पहिल्यापासून पटली नव्हती.

“नासोस,” त्याने नावाला पुकारलं.

“हजर.”

नाक लाल झालेला एक उंचेला मुलगा पुढे आला. त्याच्यामागे त्याच्या दोघी चुलतबहिणी.

“तुम्ही आलात कसे?”

“आलो कुठे, साहेब? सोमवारपासून गेलोच नाही.”

स्टेर्यिओस वहीकडे बघत राहिला. चौदापैकी चौदा. त्याने ‘वर्ग चालू ठेवावा’ असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद गजांमधून लाम्ब्रिनीच्याच हातात दिला. आत एकच गलका उठला. कुणी नासोसला खांद्यावर घेतलं, कुणी शाळेची घंटा बडवत सुटलं. आपल्याच कार्यालयाची जिरली याचा आनंद स्टेर्यिओसला लपवता आला नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

गाडी पन्नास पावलं गेली असेल, त्याने ती थांबवली. त्या आईला सांगायचे चार शब्द आता बदलले होते. अशी मुलगी वाढवणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन ते सांगायलाच हवे होते. पत्ता विचारायला तो चालत मागे आला.

फाटक उघडं होतं. लाम्ब्रिनी गळ्यातली किल्ली काढून एवान्थिया बाईंच्या हातात ठेवत होती.

“आई,” ती म्हणाली, “आता तरी घरी येऊ दे. चार दिवस झाले, डोकं धुतलेलं नाही.”