ओट्याची उंची

"आधी छप्पर दाखवा, चहापाणी मागून," चंपाबाई दारातूनच म्हणाल्या.

दीप्तीनं आईचा पदर ओढत गुजराती वळणानं म्हटलं, "चाल ने आई, आत तरी ये!"

पण चंपाबाई हटून बसल्या होत्या. बमरोलीच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा जन्म गेला. मे महिन्यात तिथं तव्यावर भाकरी भाजतेय की आपण, तेच कळायचं नाही. नवरा गेला, साड्यांच्या घड्या घालून घालून गुडघे गेले, पण लेक शिकली आणि घरं दुरुस्त करून देणाऱ्या ऑफिसात लागली. तिला पुन्हा पत्र्याखाली द्यायची नाही म्हणजे नाही! आणि इथं भेस्तानात येऊन पाहावं, तर डोक्यावर पत्राच.

आलेलं प्रत्येक स्थळ दीप्ती परतवायची. 'तू एकटी कशी राहशील' हे तिचं एकच तुणतुणं. या वेळी मात्र तीच म्हणाली होती, "भेस्तानला एक स्थळ आहे. तू घर बघ, माणसं बघ. तुला पटलं तर पुढं, नाहीतर विषय संपला." चंपाबाईंच्या मनात आलं होतं, लेक जाणार, मागं आपण आणि तापलेला पत्रा. पण लेकीच्या सुखाआड येणारी आई त्या नव्हत्या.

"जयभीम," म्हणत घरमालक श्रीपतराव पुढं आले. रेल्वेतून निवृत्त झालेला सडसडीत माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. "पत्राच आहे, पण आत या."

आत पाऊल टाकलं आणि चंपाबाई थबकल्याच. गार! ना कूलर, ना एसी. पत्र्यावर चुन्याचा जाड हात, खाली बांबूच्या चटयांचं छत. भिंतीत पार वर झरोके, तापलेली हवा तिथून बाहेर. समोरच्या भिंतीत विटा सोडून सोडून जाळी केलेली, तिच्यातून वारा नुसता खेळत होता.

"आणि ही दारं?"

"पाडलेल्या क्वार्टरची. भंगारात मिळाली, पण सागवान आहे. फरशी दुकानातल्या फुटक्या टाइल्सची. न्हाणीचं पाणी मागं केळीला जातं."

"अगं बाई!" चंपाबाईंना कौतुक लपवता येईना. टाकाऊ म्हणून जे जे लोकांनी फेकलं, ते इथं कसं नांदत होतं!

"बायको गेल्यावर मी घराकडं बघितलंच नव्हतं," श्रीपतराव म्हणाले. "या पोरांनी मनावर घेतलं."

पोरं म्हणजे दीप्ती आणि श्रीपतरावांचा मुलगा प्रज्ञेश. बारडोलीच्या साखर कारखान्यात पक्की नोकरी, चेहऱ्यानं हसरा. चंपाबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळला.

"मी नुसता रविवारचा मजूर, मावशी," तो म्हणाला. "डोकं सगळं दीप्तीताईंचं."

ताई म्हणतो! लाजत असेल बिचारा, लग्नानंतर सुटेल सवय, चंपाबाई मनात म्हणाल्या.

"आमच्यात मुलगी पोहे घेऊन येते, मग तिला बघतात," त्यांनी त्याची फिरकी घेतली. "आज बघायला आम्ही आलोय. पोहे मुलानंच आणायला हवेत!"

"मुलगाच आणणार, मावशी," प्रज्ञेश गालात हसला.

"व्याहीबुवा, पोरगा गोड आहे हो तुमचा."

"व्याही... व्याही नका म्हणू हो," श्रीपतराव घाम पुसत म्हणाले. एवढ्या गार घरात माणसाला घाम कसला, चंपाबाईंना कळेना.

घर बघत त्या पुढं निघाल्या. दाराला कुठं उंबरा नव्हता, त्यामुळं गुडघा कुरकुरला नाही. न्हाणीत धरायला भक्कम दांडी होती. म्हातारपणाची सोय आत्ताच करून ठेवलीय, शहाणा माणूस! खिडकीपाशी थोडी जागा मोकळी होती.

"इथं शिलाई मशीन बसेल," श्रीपतराव म्हणाले. "गोधड्या शिवायला उजेड चांगला आहे."

"माझ्या लेकीला सुईत दोरा ओवता येत नाही, आधीच सांगते! गोधड्या मी शिवते."

प्रज्ञेश खो खो हसत सुटला. दीप्तीनं त्याला कोपर मारलं.

मग स्वयंपाकघर. चंपाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या, लाटल्यासारखे हात फिरवून पाहिले. टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत की खांदे उचलावे लागले नाहीत. उभ्या जन्मात असा ओटा त्यांना मिळाला नव्हता. क्षणभर डोळेच भरून आले. आणि मग एकदम ध्यानात आलं. आपण बुटक्या, पण दीप्ती बापावर गेलेली, ताडमाड.

"ओटा ठेंगणा झालाय. माझ्या पोरीची कंबर मोडेल. वाढवून घ्या."

"ओटा एवढाच राहील," श्रीपतराव हळू पण ठाम आवाजात म्हणाले.

"चार विटांचं तर काम आहे!"

"बाकी सांगाल ते बदलू. ओटा नाही."

चंपाबाईंचं डोकं सणकलं. एवढं सोन्यासारखं घर, आणि जिनं त्यात राबायचं तिच्याच कमरेची पर्वा नाही? तरातरा त्या बाहेरच्या खोलीत आल्या. श्रीपतराव आतच राहिले.

"दीप्ती, ऊठ. घर लाखात एक आहे, पण माझ्या लेकीचं माप ज्यांना कळत नाही, तिथं मी तिला द्यायची नाही. हे स्थळ आपल्याला नको."

दीप्ती उठली नाही. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ती हसत होती.

"आई, बस जरा. मुलाला तरी बघ आधी."

"त्यात काय बघायचंय? हा काय समोर बसलाय!"

प्रज्ञेश जागचा हलला नाही. तोही स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत होता.

दाराचा पडदा हलला. पोह्यांचा ट्रे दोन्ही हातांत घट्ट धरून, मान खाली घालून, श्रीपतराव बाहेर आले.