बँडसाठी नवा बास

चौथा बासही धाकट्याने नापास केला. दांडा फार जाड आहे म्हणाला. त्याआधीच्याचा, तारांचा आवाज पकडणारा पिकअप गुणगुणत होता, त्याच्याही आधीच्याच्या तारा दांड्यापासून फार वर होत्या, आणि पहिला तर त्याने हातात घेण्यापूर्वीच नाकारला होता. दुकानदाराने तोंड वाकडं न करता पाचवा काढला. दादा स्टुलावर निवांत बसून होता.

वाद्यं वाजवून बघायची ती खोली जेमतेम चार माणसांची. भिंतींना आवाज गिळणारे फोमचे जाड तक्ते, खिडकी नाही, दार बंद केलं की बाहेरचं जग संपलं. धाकट्याला तिथे श्वास पुरेना. चारच्या आत त्याला एक उत्तर कळवायचं होतं.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाने त्याला डबल बास या माणसाहून उंच तंतुवाद्यासाठी निवडलं होतं. पडद्यामागे उभं करून ऐकलं आणि पन्नास जणांतून त्याला उचललं. बायकोने तर मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं होतं. राहिलं होतं ते दादाला सांगणं. आज सांगायचंच, असं म्हणून तो दहा दिवस रोज उठत होता आणि न सांगताच झोपत होता.

सांगणार तरी कोणत्या तोंडाने? वडील गेले तेव्हा दादाने शिक्षण सोडून सॅक्सोफोन गळ्यात अडकवला आणि त्यावर घर चालवलं. धाकट्याला वाढवलं, शिकवलं, बँडमध्ये घेतलं. गेली एकोणीस वर्षं दादा रंगमंचावर पुढे आणि हा त्याच्या पाठीमागे. दादा वळून कधी खूण करत नसे. त्याचा खांदा जरासा वर गेला की धाकट्याला पुढची चाल कळायची, आणि बोटं आधीच तिथे जाऊन बसायची. त्याचा त्याला कोण अभिमान! घरातही दोघांचं असंच चाले. बोलायची गरजच पडत नसे. आता पडली, तर जीभ उचलत नव्हती.

अशात आज सकाळी दादा दारात आला. "चल, बँडसाठी उभा इलेक्ट्रिक बास घ्यायचाय. तुझा कान लागेल."

धाकटा निमूट चपला घालून निघाला. त्याच्या अवाढव्य डबल बासला सगळा बँड आत्याबाई म्हणायचा. गाडीत आधी आत्याबाई बसायच्या, मग उरलेल्या जागेत माणसं. मोठ्या स्पीकरजवळ ठेवल्या की त्या घुमायला लागत आणि अर्धा कार्यक्रम त्यांची समजूत काढण्यात जाई. नव्या वाद्यासाठी धाकट्याने वर्षानुवर्षं दादामागे भुणभुण लावली होती. ते मिळायचं तर नेमकं आज. एकदा घेतलं की पाय कायमचे बांधले गेले. म्हणूनच सकाळपासून खोट काढणं चाललं होतं.

पाचवा अगदी सडपातळ निघाला. पोट नाहीच, नुसता दांडा आणि तारा. एकट्याने उचलून बसमध्ये चढवता आला पाहिजे, असं दादाने दुकानदाराला बजावलं. धाकट्याचा खांदा दोन महिने धरला होता. दादाच्या लक्षात आहे तर, असं वाटून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग दादाने हेडफोनची चौकशी केली. शेजारी तान्हं मूल झोपलं असलं तरी सराव करता येईल ना? धाकट्याची मुलगी नववीत होती, पण घरच्यांच्या वयांच्या बाबतीत दादाचं कॅलेंडर नेहमीच मागे. खालची टेकण्याची दांडीही त्याने चांगली वीतभर आत घ्यायला लावली. दुकानदाराने ताडमाड धाकट्याकडे बघितलं, तर दादा म्हणाला, असू द्या. एकोणीस वर्षांत दादाने माझी उंचीसुद्धा बघितली नाही, असं धाकट्याच्या मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. दादाचा राग आला, तर सांगणं सोपं जाईल.

त्याने वाकून सर्वांत जाड तार छेडली. खर्ज अ‍ॅम्पमधून निघाला आणि फरशीवरून तळपायांत शिरला. स्वच्छ, गोल, कुठे घरघर नाही. त्याने वर वाजवून पाहिलं, खाली वाजवून पाहिलं. खोट सापडेना.

"कसा आहे?" दादाने विचारलं.

"चांगला आहे." कानाशी बेइमानी त्याला जमली नाही.

"नीट सांग. रोज, वर्षानुवर्षं यावरच वाजवायचं म्हटलं तर?"

दादाचा खांदा किंचित वर गेला होता. धाकट्याला पुढची चाल कळली.

"चालेल," तो म्हणाला. "जन्मभर चालेल."

दादाने दुकानदाराला बास बांधायला सांगितलं. धाकटा पाणी पिऊन येतो म्हणून रस्त्यावर आला आणि त्याने वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. घरची अडचण आहे, येता येणार नाही, म्हणाला. नक्की ना, त्यांनी दोनदा विचारलं, कारण पुढचा उमेदवार तयारच होता. नक्की, तो म्हणाला. पाच मिनिटांत त्यांचा निरोप आला. दुसऱ्याने होकार दिला होता, जागा भरली होती. बायकोला कळवायचा धीर त्याला झाला नाही. त्याने नळावर तोंड धुतलं, डोळे पुसले आणि तो आत गेला.

दादा पिशवीचे पट्टे ओढून बघत होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो हसला.

"बरं झालं तुला आणलं. मी एकट्याने घेतला असता तर त्या बाईंची पंचाईत झाली असती."

"कुठल्या बाई?"

"सोमवारपासून तुझ्या जागी येताहेत त्या. अरे, वाद्यवृंदाच्या साहेबांनी मागच्या आठवड्यात मलाच फोन केला होता, माणूस कसा आहे म्हणून. मी म्हटलं, डोळे झाकून न्या. तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबलो होतो, पण तुझं तोंड काही उघडेना." दादाने पिशवी खांद्याला लावली. "मग, कधी निघतोयस?"