सातव्याला कधी जायचं

फोन आला तेव्हा तो एका फाटकाला शेवटचे टाके मारत होता. वेल्डिंगच्या आवाजात त्याला आधी ऐकूच आलं नाही. पलीकडून हवालदार विचारत होता, बाईंनी हिरवी साडी नेसली होती का. त्याला आठवेना. सकाळी बायको "जरा जाऊन येते" म्हणाली होती आणि त्याने काळा चष्मा न काढताच मान हलवली होती.

ती सातव्या धबधब्याखाली सापडली. माथ्यावरच्या सात धबधब्यांतला हा सगळ्यात आडवाटेचा. वरच्या कातळावर तिच्या चपला होत्या आणि पर्स. पर्समध्ये रुमाल, बसचं तिकीट आणि एक पाना.

पाना कशाला, असं तिच्या धाकट्या भावाने विचारलं. नवरा म्हणाला, जाळ्या-फाटकं करणाऱ्याच्या बायकोच्या पर्समध्ये पावडरची डबी थोडीच सापडणार. ही थट्टा तिचीच होती. मेहुणा हसला नाही.

बसच्या कंडक्टरला बाई आठवत होत्या. त्यांच्याकडे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चपटं होतं. मेहुण्याने ठरवलं, बसायला चटई नेली असेल. चटई काही सापडली नाही. वाहून गेली असणार.

पाण्याला भिणारी बाई एकटी तिकडे गेलीच का, हे कुणाला कळेना. उत्तर शेजारणीने दिलं. दोन घरांत एकच भिंत, सगळं ऐकू यायचं. दर शनिवारी ही विचारायची, "अहो, सातव्याला कधी जायचं?" हे म्हणायचे, "रविवारी बघू." मग ही म्हणायची, "तुमचा रविवार कॅलेंडरात छापायचा राहिला वाटतं." शेवटी कंटाळून एकटीच गेली बिचारी, असं म्हणून शेजारणीने डोळ्यांना पदर लावला.

तो खाली बघत बसला होता.

महिन्याभराने, एका शनिवारी, मेहुणा गाडी घेऊन आला. त्याला सातही जागांचे फोटो हवे होते. तालुक्याच्या कचेरीत चौकशी केली, तेव्हा तिथला कारकून म्हणाला होता की सात जागांसाठी धोक्याच्या सात पाट्या मंजूर झाल्या आणि सातही करून घेतल्या. काम कुणाला दिलं होतं ते मात्र सांगेना. लेखी अर्ज करा म्हणाला.

"सातव्याला तर पाटी नाही. म्हणजे एक पाटी कुणीतरी खाल्ली, दाजी," मेहुणा म्हणाला. "ज्याने ती लावली नाही, त्याला मी सोडणार नाही."

पहिल्या धबधब्याला लोक चाळणी म्हणायचे, कारण पाणी शंभर धारांनी पडायचं. काठाच्या अलीकडे दोन लोखंडी खांबांवर पिवळी पाटी होती: पुढे जाऊ नये, कातळ निसरडा आहे. मेहुणा फोटो काढत होता, तेवढ्यात त्याने खांब धरून हलवून पाहिला.

दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या धबधब्याशेजारी पाण्यानेच कोरलेला दगडी पूल होता, अखंड, खालून माणूस उभा जाईल एवढा. मेहुणा थोडा वेळ बघतच राहिला. ताईने हे पाहिलं होतं का, असं त्याने विचारलं. नाही, तो म्हणाला. आणि तिथलाही खांब हलवून पाहिला.

"दाजी, खांब काय तपासताय? म्हैस घ्यायचीय का?"

"सवय," तो म्हणाला.

पाचव्या ठिकाणी एका कुटुंबाने त्याला फोटो काढायला सांगितलं. पाचही जण पाटीच्या पुढे उभे होते. त्याने फोन हातात घेतला आणि त्यांना मागे यायला सांगितलं. ते एक पाऊल आले. अजून मागे, तो म्हणाला. पाटीच्या मागे येईपर्यंत त्याने फोटो काढला नाही. त्यातला बाप्या पुटपुटला, म्हातारा तिरसट दिसतोय.

सातव्याची वाट झाडीतून होती. पाण्याचा आवाज बराच आधी यायला लागला. मग एकदम कातळ उघडा पडला आणि काठाशी दोन खांब दिसले. पाटी नव्हती.

मेहुण्याने चारी बाजूंनी फोटो घेतले. "खांब पुरले, सिमेंट ओतलं, आणि पाटी लावायला त्याचे हात दुखले," मेहुणा म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम हो."

तो डाव्या खांबापाशी उभा होता. खांबाच्या वरच्या भोकावर त्याने तळवा ठेवला होता. बऱ्याच वेळाने हात काढून त्याने खिशात घातला. मेहुण्याने त्याला दंडाला धरून मागे आणलं.

गाडीत मेहुण्याने तक्रारीचा अर्ज पुढे केला. बाकी सगळं लिहून झालं होतं. काम कुणाकडे होतं ते कचेरीतून कळल्यावर भरायचं, म्हणून तेवढ्या नावाची जागा मोकळी होती.

"तुम्ही सही करा. नवरा तुम्ही."

"उद्या करतो."

"उद्या रविवार. सोमवारी सकाळी येतो मी न्यायला."

घरी आल्यावर त्याने महिन्याभरात पहिल्यांदा कामाच्या खोलीचं कुलूप काढलं. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले होते. तेरा नंबरच्या पान्याचा खिळा रिकामा होता. खाली भिंतीवर धूळ बसली होती, आणि त्या धुळीत दोन बाय तीन फुटांचा एक स्वच्छ चौकोन होता. तीन महिने काहीतरी तिथे टेकून उभं असल्यासारखा.

त्याने खिशातून त्या डाव्या खांबातला बोल्ट काढून टेबलावर ठेवला. बोल्ट नवा होता, त्याच्याच डब्यातला. नट त्याला लावलेला नव्हता.

मग त्याने अर्ज उघडला आणि मोकळ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं.

सातवी पाटी लावायची अजून राहिली आहे.