कोऱ्या वहाणा

सर्वण गावाच्या शिवेवर राखणदार देवाला दर वर्षी नव्या वहाणा ठेवतात. रात्रभर गाव फिरून तो त्या झिजवतो म्हणे. सहलीला निघताना विनोदिनीनं एक जोड ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बाबा, जाईन तिथे सांगाती राहा. माझ्यावर हात उगारील त्याला सोडू नको." नवरा सोडून, एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.

"त्याची हद्द गावच्या व्हाळापर्यंत गो," तिचा नवरा कृष्णनाथ गाडीतून हसला. "राजस्थानात चलत येतलो काय तो?"

जैसलमेरच्या वाळवंटी उद्यानात कृष्णनाथ माळढोकासाठी आला होता. पक्षी अखेर दिसला, त्यानं कॅमेरा उचलला, आणि विनोदिनीच्या हातून गाडीचं दार धाडकन लागलं. माळढोक उडाला.

कृष्णनाथनं नेहमीच्या सवयीनं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला. रक्त वाळूवर पडलं.

तेव्हा करकर ऐकू आली, कोऱ्या चामड्याची. दूरच्या टेकाडावरून वाळूत एकेक ठसा उमटत येत होता, हातभर लांब. चालणारं कोणीच दिसत नव्हतं.

"कोणाक बगतंस गो?" त्यानं पुन्हा हात उगारला.

"नको!" ती किंचाळली. "माझो घो तो, बाबा!"

"आता बापूस आठवलो?"

ठसे कृष्णनाथच्या पाठीशी येऊन थांबले. करकरही थांबली.

उगारलेला हात खाली आलाच नाही. त्यानं नवलानं वर पाहिलं. मनगट पिळ्यासारखं हळूहळू उलटं वळत होतं, आणि मग पहिलं हाड मोडलं.