दे पंजा

अक्षरा कुत्र्याच्या पिल्लाचा पंजा हातात धरायची, भाकरीचा तुकडा द्यायची आणि हळूच एक नख कापायची. आधी ओरडून पळणारं पिल्लू पुढं कुणीही जवळ आलं की आपणहून पंजा द्यायला लागलं.

"माणसाला जरा भिऊ दे की त्याला," शेजारचे उत्तरेश्वरकाका म्हणाले.

"भ्यायचं कशाला, काका?"

परवा जळकोटच्या फाट्यावर पिसाळलेलं कुत्रं एका बाईला चावलं. गावातली माणसं काठ्या घेऊन दिसेल त्या कुत्र्यामागं लागली. कुत्री रानात पळाली.

अक्षरा शाळेतून आली, तेव्हा काका हापशावर काठी धूत होते.

"आमचं पळालं न्हाय का, काका?"

"न्हाय. म्या काठी उगारली, तर त्यानं पंजा दिला."